कोणी पाहिलं हा रकाना

३ तारीख, सोमवार
खोली मिळाली! तिसरा मजला, एक खिडकी, एक कपाट, आणि त्याचं दार नीट लागावं म्हणून फटीत खोचलेली कागदाची घडी. स्वतःची किल्ली. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली.

दादाने सामान वर आणून दिलं आणि आधी बाथरूमची आतली कडी उचकटून खिशात टाकली. आत पडलीस तर दार फोडायला मी इथे नाही, म्हणाला. मग म्हणाला, तीन महिने. एकही फिट न येता काढलेस तर तू इथली. आली तर त्याच दिवशी मला कळवायचं आणि गुपचूप घरी यायचं. मी हो म्हटलं. नवव्या वर्षापासून माझ्या प्रत्येक फिटची वेळ त्यानेच घड्याळात पाहिली आहे. त्याला नाही कसं म्हणणार?

ही वही डॉक्टरांनी लिहायला सांगितली आहे. झोप किती, गोळ्या घेतल्या का, मन कसं, फिट आली का, आणि शेवटचा रकाना, कोणी पाहिलं. कारण माझं मला कधीच काही दिसत नाही.

झोप सात तास. गोळ्या दोन्ही. मन हवेत. फिट नाही.

५ तारीख, बुधवार
कपडे आल्टर करायच्या दुकानात आम्ही चौघी. मालकीणबाई बेततात आणि कापतात, ताई काजं-बटणं करते, मावशी इस्त्री, आणि मी उसवते. दिवसभर दुसऱ्यांच्या टिपा. मला आवडतं.

आजाराचं मी आधीच सांगून टाकलं. मालकीणबाई म्हणाल्या, त्यात काय एवढं, आमच्या ह्यांना जेवल्याबरोबर रोज फिट येते, संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. सगळ्या हसलो. मावशींनी विचारलं, तोंडात चमचा घालायचा ना गं? म्हटलं, तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, धारदार आणि गरम दूर करायचं, घड्याळ बघायचं. ताईने लगेच स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या टेबलासमोर लावलं.

झोप सात. फिट नाही.

१० तारीख, सोमवार
माझा हात थांबला की तिघींचे हात थांबतात. मी शिंकले तरी मावशी इस्त्री उभी करतात. प्रेमच आहे ते. पण कोणी बघत असलं की वाटतं आता येणार, आणि तसं वाटलं की छाती धडधडते. ही धडधड नुसत्या भीतीची, की फिटच्या आधीची, हे बत्तीस वर्षांत मला ओळखता आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका, काळजीने फिट येते. ते ऐकल्यापासून त्याचीही काळजी.

झोप पाच. गोळ्या दोन्ही. फिट नाही.

१३ तारीख, गुरुवार
सकाळी अकरा दहाला ताई बटणांचा डबा घेऊन उठली आणि उभीच राहिली. ओठ चाटत होती. बोटांचा कॉलरशी चाळा. मी ओरडणार होते, पण मालकीणबाईंची कात्री अर्धी उघडी तशीच होती. मावशींची इस्त्री कापडावर होती आणि धूर यायला लागला होता. तिघींचे डोळे उघडे. आत कोणी नाही.

इस्त्री उचलली. कात्री काढून घेतली. ताईला खाली बसवलं. घड्याळ बघितलं. दोन मिनिटं.

मग मालकीणबाईंनी विचारलं, माझी कात्री कोणी पळवली? मावशी म्हणाल्या, पांढरीफटक पडलीस की गं, येतेय का?

म्हणजे हे असं दिसतं. दादा हे बघत आला.

१७ तारीख, सोमवार
रोज होतंय. आज चार मिनिटं.

कोणाला सांगू? ज्याला सांगेन तो म्हणेल, ती तुझीच फिट. दादा तर तासाभरात सामान बांधेल. असेलही माझीच. पण मग इस्त्री कोणी उचलली?

झोप तीन. मन बधिर. फिट नाही. कोणी पाहिलं: मी.

१९ तारीख, बुधवार
नऊ मिनिटं. पाचच्या वर गेलं की अँब्युलन्स बोलवायची असते. फोन लावला. पलीकडे कोणीतरी उचलला. हॅलो नाही. नुसता ओठ चाटल्याचा आवाज. मी कानाला लावून उभी राहिले. नऊ मिनिटं भरली तेव्हा आवाज आला, बोला, काय झालंय?

काही नाही म्हटलं.

२१ तारीख, शुक्रवार
बावीस मिनिटं. रस्त्यावरही. गाड्या उभ्या. एक हळूहळू जाऊन खांबाला टेकली, तिचं चाक फिरतच होतं.

मावशींचा हात भाजला. मी ताईला धरलं होतं, मला दोनच हात — मावशी नंतर हसल्या. वय झालं गं, कधी भाजलं कळलंच नाही, म्हणाल्या. मी पट्टी बांधली. रडू आलं नाही.

झोप एक.

२२ तारीख, शनिवार
दादाला फोन केला. सगळं सांगितलं. खोली गेली तर जाऊ दे. तो म्हणाला, झोपली नाहीस ना वेडे, फिट असणार ती, उद्या पहिल्या बसने येतो. मी म्हटलं बसने नको, चालवणारा माणूसच जर — त्याने ठेवला होता.

२३ तारीख, रविवार
बेल. दादा पोचला —

बेल थांबत नाहीये.

दार उघडलं. बोट बेलवरच. डोळे —

बोट काढलं. जड आहे तो. दारातच कुशीवर घेतला. डोक्याखाली माझी उशी. शर्टाचं वरचं बटण सोडलं.

बारा मिनिटं.

खाली रस्त्यावर आवाज नाही. कशाचाच.

तीस.

हात धरलाय. माझ्या वेळी तो बोलत राहायचा म्हणे, मला ऐकू येत नसलं तरी. मी बोलतेय. दुकानातलं सांगितलं. भांडलेही थोडी.

एक तास चार.

ओठ अजून —

दादा, मी बघतेय घड्याळ. मी कुठे जात ना