भर उन्हातले दिवे

जव्हार, मंगळवार, १४ डिसेंबर २००४

आज पोलिसांच्या त्या वेग मोजणाऱ्या स्पीडगनने मला गप्प केलं. आश्रमशाळेसमोरच्या वळणावर पावसाळ्यात एक मुलगी जीपखाली गेली. तेव्हापासून खोडाळ्याच्या बाजारात मी किती भाषणं ठोकली! टाळ्या पडल्या, वेग तसाच राहिला. आज हवालदाराने वळणाच्या थोडं अलीकडे उभं राहून ते यंत्र गाड्यांवर नुसतं रोखलं. एका साहेबाची गाडीही सुटली नाही. साहेब ओळख सांगत होते, हवालदार आकडा दाखवत होता. वा! हे माझ्या कुठल्या भाषणाला जमलं?

पण पावती फाटलेले जीपवाले समोरून येणाऱ्यांना दिवे मारून सावध करू लागले. भर उन्हात दिवे! मी भडकलो. हवालदार म्हणाला, "मारू द्या भाऊ. वळणावर बघा." बघितलं. प्रत्येक गाडी सावकाश येत होती आणि पोरं खुशाल रेंगाळत रस्ता ओलांडत होती.

संध्याकाळी यंत्र ठाण्याला परत गेलं. उद्या काय? परतीच्या जीपमध्ये ते उन्हातले दिवे डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी ड्रायव्हर लक्ष्मणला म्हटलं, "उद्याही दिवे मारशील?"

"कशाला भाऊ? मशीन तं गेली."

"ते समोरच्याला कुठे माहीत आहे?"

लक्ष्मण खो खो हसला. "एवढं खरं बोलणारा माणूस, नि आमाला खोटं शिकवता!"

खोटं? असेल. मला तरी आज त्याहून चांगलं भाषण सुचलं नाही.

शाळेसमोरचं वळण आलं. समोरून ट्रक सुसाट येत होता. लक्ष्मणने दिवे मारले. ट्रक हळू झाला.