प्रतीक्षानं टाकलेलं ओके

प्रिय नूतन,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर माझी जीभ वळली नसती. तुझी लेक दिशा माझ्याकडे नीट जेवतेय, शाळेत जातेय. फक्त मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही.

मागच्या आठवड्यात बाईंनी तिला विचारलं, रोज म्हणता तो ‘ओके’ शब्द आला कुठून? पोरीनं शोधून काढलं. पावणेदोनशे वर्षांच्या वर झाली, अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बरोबर, याचं स्पेलिंग गंमत म्हणून मुद्दाम चुकवलं आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची दोन आद्याक्षरं, ओ आणि के, छापली. तीच जगभर झाली. लई हसलो आम्ही. आता दूधवाला ओके म्हणतो, गोळी गिळली की सासूबाईसुद्धा ओके म्हणतात. ‘बरं’ म्हणणारं पिंपळवंडीत कुणी उरलं नाही बघ.

आमचा मोबाईलवरचा ग्रुप तुला ठाऊक आहेच. उसात बिबट्या दिसायला लागल्यापासून शाळा सुटली की आम्ही बाया पाळीनं पोरं घरोघर पोचवतो. शेवटचं पोर घरात गेलं की पाळीवालीनं ओके टाकायचं. ते वाचून मळ्यातल्या आया पुन्हा खुरपायला बसतात. मग कुणी शोधायला निघत नाही.

मंगळवारी पाळी प्रतीक्षाची होती. ओके आलं. तुलाही मंचरला आलं, तू अंगठा पाठवलास. त्यानंतर पाऊण तास दिशा आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आतून कडी लावून बसली होती. चपलेचा पट्टा तुटला, पोर मागं राहिली आणि उसात गुरगुर ऐकली. चिमाजीमामा मोटार चालू करायला गेले म्हणून सापडली. दाराबाहेर ओल्या मातीत पंजे होते, जाऊन परत आलेले. पिंजरा लावलाय. त्यातली शेळी अजून तशीच आहे.

तू प्रतीक्षाला फोनवर नाही नाही ते बोललीस. ती नुसती रडली. आता तिच्याकडे कुणी पोर सोपवत नाही. मी शेजारी उभी होते गं, गप्प. खरं सांगते, दिशा पुढं पळाली असेल असं वाटून प्रतीक्षानं बांधावरून मला विचारलं होतं, पोरगी आली का घरात? मी गोठ्यात धार काढत होते. वळूनसुद्धा पाहिलं नाही आणि ओरडले, ओके! दिशा तेव्हा हाक मारणारच होती. माझा आवाज ऐकला आणि मारलीच नाही. आता कुणी येणार नाही, असं वाटलं तिला; सासूबाईंना सांगितलं तिनं. रविवारी ये. आधी प्रतीक्षाच्या दारात जा, मग माझ्या. दिशाला न्यायचं असेल तर मी अडवणार नाही.

तुझीच, अजून तुझी म्हणवत असेल तर,
रत्नाताई