उजव्या हाताचे सतरा दिवस

मी, कान्हू नारायण घरत, वय ६३, धंदा गणपतीच्या मूर्ती, राहणार पेण, जि. रायगड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. उजवा हात सोडला तर माझे सगळे शाबूत आहे. पत्नी शांती निवर्तली. मूलबाळ नाही.

१. राहते घर व कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा पुतणी सुरभी हिला. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि अर्ध्याचा भागीदार पोपट, याला घरात ठेवायचे की कसे, ते तिने ठरवावे.

२. आखणीचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे, माझे सगळे कुंचले सुरभीलाच. हात गेल्यावर तिला मी नुसत्या तोंडाने शिकवले. "दम धर गो, मग रेघ ओढ." आता तिची रेघ माझ्यापेक्षा सरस आहे. तिला हे कधी बोललो नाही, इथे सांगतो.

३. हात कसा गेला तेही नोंदवतो. १० जुलै २०१८ रोजी शोकेसची काच उतरवताना मनगटावर आली. जखम शिवली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर. पोपटने मला पनवेलला नेले. डॉक्टरांनी इंग्रजीत कागद लिहून दिला. पोपटने नागोठण्याकडे कंपनीत दहा वर्षे काढली, त्याला इंग्रजी येते, मला नाही. एसटीत वाचून म्हणाला, "दादा, नस दबलीय. आपोआप येल." कारखान्यात चारशे मूर्ती डोळ्यांविना उभ्या होत्या आणि आखणीशिवाय आमची मूर्ती बाहेर पडत नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने कुंचला बोटांना बांधून मी त्या पुऱ्या केल्या.

४. यंदा फेब्रुवारीत तो कागद पोपटच्या पेटीत सापडला. रोह्याच्या डॉक्टरांनी वाचला: नस तुटली आहे, तीन महिन्यांच्या आत जोडून घ्या, नंतर फारशी आशा नाही. हंगामासाठी तो गप्प बसला, हे मी समजू शकतो, मीही कारखानदार आहे. पण विसर्जन २३ सप्टेंबरला झाले. तीन महिने १० ऑक्टोबरला भरत होते, म्हणजे अजून सतरा दिवस होते. विचारले तर म्हणाला, "तवा सांगायला तोंड नव्हतं, दादा." परक्याने फसवले असते तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आज उजव्या हातात गरम चहाचा पेला धरला तर फोड आल्यावरच कळते.

५. पोपटला मी काही ठेवलेले नाही. वकील नूतनताई म्हणाल्या, ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये. म्हणून एक साक्षीदार तोच. त्याने हा कागद सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, एकही शब्द गाळू नये, मग सही करावी. दोन साक्षी नसल्या तर मृत्युपत्र पडते आणि वारसाहक्काने सगळे त्यालाच जाते, हे ताईंनी आम्हा दोघांना समजावले आहे. दुसरा साक्षीदार शेजारचा प्रविण, तिसरा मी बोलावलेला नाही.

पेण, १४ जून २०२५

कान्हू नारायण घरत (सही डाव्या हाताची)

साक्षीदार:
१. प्रविण हरेश ठाकूर, शेजारी. सही.
२. पोपट नारायण घरत. पूर्ण वाचले. सतरा दिवस होते. सही.