नळीला काय म्हणायचं

रवि., २ नोव्हें.
ओकसाहेबांची पेटी अडकली. एअर कार्गोला सकाळी नऊपासून उभा होतो. पेटीत त्यांच्या मुलीची, सईची, एअर रायफल. स्पर्धेतली, हवेवर चालणारी. परवानगीचं पत्र आहे, शिक्का आहे, सगळं आहे. इन्स्पेक्टरने आतली वेगळी गुंडाळलेली पोकळ नळी काढून टेबलावर ठेवली.
"ये क्या है?"
म्हटलं, पार्ट आहे. बॅरलच्या पुढे बसतो.
"कागज पे तो सायलेन्सर लिखा है."
परवानगी रायफलची. सायलेन्सरची नाही. आणि सायलेन्सर म्हटलं की विषय कस्टमचा राहत नाही, पोलिसांचा होतो. पेटी सील.
कागद परत परत पाहिला. अरबीत स्वच्छ लिहिलंय. अक्षर माझं.

सोम., ३
कसं झालं ते आठवलं. पुण्याहून आलेल्या यादीत इंग्रजीत 'बॅरल ट्यूब' होतं. त्याला अरबीत काय म्हणतात ते सुचेना. फोटो पाहिला, सिनेमात असते तशी नळी. गुरुवार होता, शुक्रवारच्या सुटीआधी ऑफिस बंद व्हायची वेळ. लिहून मोकळा झालो. इथं आखातात कस्टममधून माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या कामात बावीस वर्षं, आणि एका शब्दासाठी कुणाला विचारलं नाही.
दुपारी ओकांचा फोन. "मुश्ताकभाई, काय घोळ झालाय?"
"कस्टमवाल्यांचा गैरसमज, साहेब."
तोंडातून निघून गेलं.

मंगळ., ४
ओक सईला घेऊन ऑफिसात आले. सोळा वर्षांची, इथंच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. माझ्या टेबलावरची पट्टी आणि पेन जोडून मला समजावलं. खरी बॅरल आखूड असते. पुढे नळी लावायची आणि नळीच्या टोकाला नेम धरायची साइट. डोळ्यापासून साइट जितकी लांब तितका नेम पक्का. आवाजाशी संबंधच नाही.
"इट्स जस्ट अ ट्यूब, अंकल. हू रोट सायलेन्सर?"
बाप-लेक दोघांनाही अरबी वाचता येत नाही. मी फाइल मिटली. होईल, इंशाल्ला, म्हटलं.
तिची नेमबाजीची निवड चाचणी वीस तारखेला.

गुरु., ६
डोकं चालवलं. नळी तुमच्याकडे ठेवा, नुसती रायफल सोडा, असा अर्ज दिला. इन्स्पेक्टर पोरगा बरा, लगेच टेप घेऊन आला. नळीशिवाय मोजली. परवानगीच्या पत्रातल्या लांबीपेक्षा चांगली वीतभर कमी!
"ये तो छोटी बंदूक है. इसका परमिट अलग."
म्हणजे नळी लावली तर सायलेन्सर, काढली तर आखूड बंदूक. मी त्याला म्हटलं, अरे भाई, ही काय कुणाला मारायला आणलीय का? तो म्हणाला, तुम्ही लिहिलंय तेच मी वाचतोय.


रवि., ९
मालकाला, अबू यूसुफला, खरं काय ते सांगितलं. चहा ओतत ऐकून घेतलं. म्हणाला, पाठवणाऱ्याची चूक दाखव, पुण्याहून तसं पत्र मागव, खलास. म्हटलं, त्यांच्या यादीत तर बरोबर लिहिलंय. म्हणाला, "मुश्ताक, ऑफिसची चूक निघाली तर माझं लायसन्स जातं. माझं गेलं की तुझा व्हिसा कुणाच्या नावावर राहणार?"
धमकी नव्हती. बिस्किटं पुढे केली त्याने. त्याचाच जास्त राग आला. माझाही.

मंगळ., ११
ओकांना आज पोलिसांनी बोलावलं. तीन तास बसवलं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला सायलेन्सर कशाला लागतो? इथं ओळखी कुणाशी? बँकेनेही खुलासा मागितलाय. संध्याकाळी फोन आला, आवाज बसलेला.
"मुश्ताकभाई, तुम्ही इतकी वर्षं यात आहात म्हणून तुमच्याकडे आलो होतो."
 फोन त्यांनी ठेवला नाही. मीच ठेवला.

बुध., १२
घरी बायकोला सांगून टाकलं. रुखसानाने शिलाई मशीन थांबवली.
"आपल्या लेकीच्या, नाझच्या बापाला, म्हणजे तुमाला, असं बसवलं असतं तर तुमी काय केलं असतंत?"

मग तीच म्हणाली, "पण नोकरी गेली तर या वयात रत्नागिरीला जाऊन करणार काय?"
दोन्ही बरोबर.  जेवण गेलं नाही.

शुक्र., १४
जुम्म्याच्या नमाजानंतर सनाबिसला ओकांच्या घरी गेलो. दार सईने उघडलं. हॉलमध्ये जमिनीवर टेपच्या खुणा, पाय ठेवायच्या. रायफल नाही म्हणून रिकाम्या हातांनी उभी राहून सराव करते.
ओकांना सांगितलं. शब्द मी लिहिला. कस्टमने नाही, पुण्यानेही नाही.  मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
सई भिंतीशी उभी होती. पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.
"तुम्हाला माहीत नव्हतं, तर मला विचारायचं ना."
ओक म्हणाले, "या तुम्ही आता."
पाणीसुद्धा न पिता निघालो. विचारलंही नव्हतं म्हणा.

रवि., १६
जबाब अरबीत लिहिला, स्वतःच्या नावाने, सही केली. आधी अबू यूसुफला दाखवला. वाचून परत दिला. म्हणाला, "आज ऑफिसचा माणूस म्हणून जाऊ नकोस." ऑफिसचं ओळखपत्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने उचललं नाही, परतही दिलं नाही.
पोलिसांच्या काउंटरवर तासभर. ओक आले. मधे एक खुर्ची सोडून, तिच्यावर फाइल ठेवून बसले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, त्यांचीही आजचीच तारीख.
माझं नाव पुकारलं. अधिकाऱ्याने जबाब दोनदा वाचला. विचारलं, मग बरोबर शब्द कोणता?
"उनबूब," मी म्हटलं. नळी.
"हे तेव्हा माहीत नव्हतं?"
"नव्हतं. विचारलं नाही."
त्याने शब्द समासात लिहून घेतला, माझं रेसिडेंट कार्ड उचललं आणि सगळं घेऊन आत गेला. परत येऊन बसलो तसं ओकांनी हळूच विचारलं, "एवढाच शब्द होता?"
"एवढाच, साहेब."
ते हसतील की काय असं वाटलं. हसले नाहीत. पण मधल्या खुर्चीवर ठेवलेली फाइल उचलून त्यांनी मांडीवर घेतली.
अर्ध्या तासाने शिपाई आला. साहेब मीटिंगमध्ये, दोघंही उद्या या.
कार्ड मागितलं. म्हणाला, तेही उद्या.