पक्का शोषखड्डा

बाबूजी,

तुमचा खड्डा काल मी फोडला. अंगणात, आईच्या डोळ्यांदेखत. आतला सिमेंटचा गिलावा इतक्या वर्षांनीही एवढा चिवट, की घण चालवायला दोन माणसं लावावी लागली. काम तुम्ही पक्कं केलं होतं, यात वाद नाही. फक्त तो शोषखड्डा होता, आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरायला हवं असतं, एवढी साधी गोष्ट तुम्ही कोणाकडून ऐकून घ्याल तर शपथ.

गल्लीतून मोरीचं पाणी वाहतं म्हणून घरोघरी खड्डे करायचं गावाने ठरवलं होतं. तळाशी दगड, वर विटांचे तुकडे, मग वाळू, तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं. पहिला मान अर्थातच तुमचा. आपल्या घरचं काम कच्चं राहत नाही म्हणत तुम्ही आमगावहून मिस्त्री आणलात आणि दगड भरण्याआधी तळापासून काठापर्यंत गिलावा करवलात. स्वच्छता तपासायला समिती आली, तीही आधी आपल्याच अंगणात. मी तेव्हा बारावीत होते. सगळ्यांपुढे विचारलं, "बाबूजी, अंदरून सिमेट लावलं तं पानी जाईन कुठं?" तुम्ही मानही वळवली नाहीत. "तू काऊन मंधात बोलून राहिली? जा, चाय आन." समितीतले लोक हसले. मी चहा आणला.

आठ दिवसांत खड्डा तुडुंब. तुमचं पाहून शेजाऱ्यांनीही गिलावे केले होते, त्यांचेही भरले. ते विचारायला आले तेव्हा तुम्ही खाटेवरून न उठता सांगितलंत, "तुमचं काम कच्चं झालं. आमचा पाहा ना, वरून कोरडा हाय." होताच कोरडा. कारण उजाडायच्या आत आई वर आलेलं पाणी तांब्याने बादलीत भरून परसातल्या केळींना घालत होती. तुम्हाला ते ठाऊक होतं, बाबूजी. तिने भाताची पेज काढणं बंद केलं, तेवढंच पाणी खड्ड्यात कमी जावं म्हणून. आणि भात चिकट झाला की तुम्ही ताट सरकवायचात. त्या घाण पाण्यात उभं राहून तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्या उन्हाळ्यातही जाईनात. मी चिडले की म्हणायची, "जाऊ दे ना वो बाई. लोकायले माहीत पडन तं बाबूजीची इज्जत काय राहीन?"

मग तुम्ही गेलात. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आई पुन्हा तांब्या घेऊन खड्ड्यापाशी वाकलेली. तुमच्यासाठी जे काही रडायचं उरलं होतं, ते माझं तिथेच आटलं. पुढे कित्येक वर्षं ती उपसत राहिली, मला खड्डा फोडू देईना; या वेळी मी तिला विचारलंच नाही. काल तळाचा गिलावा फुटला आणि ते काळं पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं, तेव्हा ती घरापुढच्या सपरीत बसून म्हणाली, "लई मन लावून बांधला होता वो त्यायनं." तिच्या पायांकडे बघून मला तुमचा असा संताप आला, की मी घण उचलून उरलेला काठही फोडला. त्याची गरज नव्हती.

हल्ली मी देवरीकडच्या गावांत शोषखड्डे कसे करायचे ते शिकवत फिरते. नोकरीच ती आहे. प्रत्येक गावात गिलाव्याची गोष्ट सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन होता जी तो शहाना?" मी म्हटलं, "माहीत नाही जी, ऐकलेली गोष्ट हाय." दर वेळी हेच सांगते.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, फक्त आईच्या हाती लागू द्यायचं नाही. तिने तांब्याने झाकलं, तेच मी तोंडाने झाकते. तुम्हाला माफ केलेलं नाही. पण तुमच्यावर लोक हसतात तेव्हा मला ते सहन होत नाही.