दारावरची खूण

मिसिसागा,
९ ऑक्टोबर

चि. अबानूबला ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिवसभर पडद्यासमोर बसणारा माणूस अजून शाईने लिहितो, याचं आईला एवढं कौतुक की पत्र फ्रिजवर लावलंय. अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचंच राहिलं हो, नुब्या.

आता तुझा प्रश्न, ख्रिस्ती घरांच्या दारावर कुठली खूण काढायची. तुमचा संगणकावरचा खेळ रोमच्या डायोक्लेशन बादशहाच्या छळाच्या काळातला, म्हणजे सन तीनशेच्या आसपासचा. तेव्हा आपल्या इजिप्ती ख्रिस्ती लोकांच्या दारांवर क्रूस नव्हता. क्रूस म्हणजे गुन्हेगाराला टांगायचं लाकूड. तो मिरवायची खूण झाला तो पुढे, बादशहाच ख्रिस्ती झाल्यावर. थडग्यांवर मासा सापडतो, जहाजाचा नांगर सापडतो. वर गोल कडी असलेला आपला इजिप्ती क्रूसही नंतरचाच. पण एक खूण खरोखर जुनी आहे, आणि तीही आपल्याकडची. हस्तलिखितात ‘क्रूस’ हा शब्द लिहिताना लेखनिक त्यातली दोन अक्षरं एकावर एक चढवत, आणि टांगलेल्या माणसाचा आकार दिसे. मात्र ती पुस्तकाच्या पानात असे, दारावर नव्हे. दारावर खूण कोण करेल? सैनिकांचं काम सोपं करायला?

हे सगळं तुमच्या कंपनीला पाठवलेल्या टिपणात सविस्तर लिहिलं आहे. सल्लागार म्हणून माझं नाव खेळात येणार, हे आईने चर्चमध्ये पाद्री अबूनांपासून चहा वाटणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. टोपी घालत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
दमियाना


माँट्रियल,
२ नोव्हेंबर

प्रिय ताईस सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या टिपणाची ओदीलने सगळ्यांसमोर तारीफ केली. ओदील म्हणजे आमच्या खेळाची प्रमुख. बाई चांगली आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून तू तिला राक्षसीण ठरवणार नाहीस.

खेळात बादशहा होता येतं. बादशहा झालं की ख्रिस्ती घरं शोधून जाळायची, जेवढी जाळाल तेवढी शहरात शिस्त वाढते. गेल्या आठवड्यात बाहेरची माणसं बोलावून त्यांच्याकडून खेळवून घेतलं. त्यांना कुठलं घर कुणाचं ते कळेना, म्हणून ती कंटाळली. आता ठरलंय की प्रत्येक ख्रिस्ती दारावर लांबून चमकणारा क्रूस हवा. आणि आमच्याकडे खुणा काढतो कोण, तर मी.

ताई, दारंही मीच काढलीत. आईच्या गावच्या दारांवरून. निळी, खालून झिजलेली. तुला काय सांगायचं? मिन्याजवळच्या त्या गल्लीत आपल्या दारांवर काळी फुली कुणी मारली हे कळायच्या आत गल्ली पेटली होती. नसीफमामा आजोबांना बाहेर काढायला आत गेला, ते दोघेही आतच राहिले. हे मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. कुंचला हातात घेतो आणि परत ठेवून देतो.

तू इतिहासाच्या जोरावर हे थांबव. मला दुसरा रस्ता दिसत नाही. आणि हे पत्र फ्रिजवर लागणार नाही एवढं बघ.

तुझ्या भरवशावर बसलेला
अबानूब


मिसिसागा,
१५ नोव्हेंबर

चि. अबानूबला आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या ओदीलला मी खरमरीत लिहिलं. त्या काळी दारावर क्रूस दाखवणं ही धडधडीत चूक आहे, चार पुरावे देऊन लिहिलं. लगेच उत्तर आलं, मधासारखं गोड. अचूकतेची त्यांना फार कदर आहे म्हणे. म्हणून ज्याला हवं त्याला खुणा बंद करायची सोय ठेवू. माझं नाव काढा म्हटलं, तर ते करारात आहे आणि जाहिरातीतही गेलंय.

दुसऱ्या दिवशी वर्गात हाच काळ शिकवत होते. फळ्यावर मासा काढला, तो तसाच पुसला आणि वर्ग सोडून दिला. मुलांना वाटलं मला बरं नाही. इतकी वर्षं माझी समजूत, की खरं काय ते नीट मांडलं की माणसं ऐकतात. ऐकतात रे. मान डोलावतात आणि आपलंच करतात.

आता एकच उरलंय. त्यांना आईच्या गावात काय झालं ते सांग. मला ते अजिबात आवडत नाही, तरी सांग. आईला संशय आलाय; तुझा फोन आला की मी गॅलरीत का जाते, असं दोनदा विचारून झालं तिचं.

तुझ्याइतकीच हतबल
ताई


माँट्रियल,
३ डिसेंबर

प्रिय ताई, सलाम. वि. वि.

सांगितलं. सगळी मंडळी बसली होती. फुल्या, आग, नसीफमामा, सगळं सांगितलं.  एकजण उठून बाहेर गेला. ओदीलने मला जवळ घेतलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. मी घरी येऊन लहान मुलासारखा झोपलो. वाटलं, सुटलो.

काल तिने बोलावलं. म्हणाली, तुझ्या बहिणीचं बरोबर होतं, क्रूस खोटा आहे. तुझी गोष्ट खरी आहे. म्हणून आता दारांवर क्रूस नाही. काळी फुली. रंगाची बादली घेऊन गल्लीतून जाणारा माणूसही दाखवायचा. आणि मग तिने अगदी हळुवारपणे विचारलं, “फुली नेमकी कशी होती, आठवतं का तुला?”

ताई, मी उठून घरी आलो. मीच त्यांच्या हातात दिली ना ती. नोकरी सोडली तर दुसरा कुणी एका सकाळीत काढेल. राहिलो तर मी काढेन. आईला काय सांगू? मला नीट जेवण जात नाही, अंघोळ करावीशी वाटत नाही. काहीतरी लिही. काहीही लिही.

अबानूब


मिसिसागा,
१२ डिसेंबर

माझ्या सोन्या अबानूबला आईचे आशीर्वाद आणि गालाचा मुका.

दमियाना तुझं पत्र वाचता वाचता रडायला लागली, तेव्हा मी ते हातातून काढून घेतलं. मागचीही मागून घेतली. तुम्ही दोघं मला काचेची समजता. मी त्या गल्लीतून चालत बाहेर आलेय.

त्या बाईंना सांग, फुली कशी होती हे तुला ठाऊक नाही. तू तेव्हा इथे शाळेत होतास, माहेरी गेले होते ती मी. ते मला ठाऊक आहे. दोघांना माती दिल्यावर मी आणि तुझ्या आजीने दाराची उरलेली चौकट दगडाने घासली. रंग गेला, लाकूडही गेलं. फुली मारणारा परका नव्हता. नसीफकडे केस कापायला यायचा, आणि नसीफ त्याला चहा पाजायचा. गावातल्यांना आमची घरं पाठ होती. खूण बाहेरून येणाऱ्यांसाठी होती.

भाऊ गेला, बाप गेला. ती फुली मी कुणाला देणार नाही.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण तुझ्या हाताने ती काढू नकोस. तुझी बोटं नसीफसारखी आहेत. नाताळचे उपवास चालू आहेत, म्हणून मसूर शिजवलेत. बस पकड आणि ये. अंघोळ करून ये.

तुझी वाट बघणारी
आई


माँट्रियल,
२० मे

प्रिय ताईस सप्रेम सलाम. वि. वि.

नव्या जागी रुळतोय. लहान मुलांच्या पुस्तकांत बदकं काढतो. बदकांना इतिहास नसतो.

तो खेळ बाजारात आला. बघायचा नाही असं ठरवलं होतं, पण गेल्या आठवड्यात आई इथे असताना तिनेच हट्ट धरला. दारं माझीच आहेत. प्रत्येकावर फुली आहे. शेवटच्या नावांत तू आहेस, आणि माझ्या नावापुढे ‘कुटुंबाच्या आठवणींबद्दल आभार’ असं आहे. मी नोकरी सोडताना ते तेवढं काढा म्हणून पाया पडायचा बाकी राहिलो होतो. किती खरं, किती अचूक, असं लोक लिहितायत. आणि घरं जाळतायत.

आईने मला एका दाराजवळ न्यायला सांगितलं. चष्मा पुसला. पुष्कळ वेळ बघत राहिली. फुली ठसठशीत आहे, पट्टीने आखल्यासारखी, दोन्ही हात सारखे.

“ही आमची नाही,” ती म्हणाली, आणि बंद कर म्हणाली. मग दुपारी चक्क घोरत झोपली.

ताई, चूक दिसली की तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. आता ते लोक तुला पुन्हा विचारतील, फुली अशीच होती का म्हणून. ही चूक राहू दे. अगदी बरोबर आहे म्हणून सांग.

तुझाच
अबानूब