फुटाण्याच्या डब्याचा आवाज

आश्विन शुद्ध द्वादशी, सेक्टर २, भिलाई

आज सुपेल्याच्या बाजारातून अर्धा किलो फुटाणे आले, साठ रुपये. देवाच्या वाती, दहा रुपये.

फुटाणे डब्यात भरून हलवले आणि एकदम लहानपणची भुलाबाई आठवली, आम्हा मुलींचा आश्विनातला खेळ. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवायचा, आतली खिरापत मुलींनी ओळखायची. त्यावरून तुमसरचं माहेरचं अंगण आठवलं, अंगणावरून आईच्या बांगड्या, आणि मग आईने केलेली ती एक खिरापत, जी कोणालाच ओळखता आली नव्हती. आई किती हसली होती! पण डब्यात होतं काय? तिथेच अडते मी.

पुन्हा डबा हलवला. हे ड्यूटीवर निघाले होते. "कावून वाजवून राहिली वं? फुटाणे मोजून राहिली का?"

डबा फळीवर ठेवला.

मुलाला फोन करून भुलाबाईचं सांगितलं, तर म्हणतो, "आई, ये भुलाबाई कौन है?"

आता घरात मी आणि देव. जप करतानाही कानात डबाच. आई गेली, ते अंगण आता फक्त ताईला ठाऊक. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून उद्या कार्डच टाकते: ताई, त्या डब्यात काय होतं, उलट टपाली कळव. आठवत नसेल, तरी कळव.